वाचकांचे प्रश्न : वृद्धनिवासातली औषधे

प्रश्न : आमच्या वृद्धनिवासात इन्सुलिन, डोळ्यांचे थेंब, सिरप असे सगळे स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्ये ठेवतात. हे बरोबर आहे का?

उत्तर : नाही. औषधांना छोटा का होईना, पण वेगळा आणि कुलूप लागणारा फ्रिज हवा. स्वयंपाकघरातल्या फ्रिजचे दार दिवसभर उघडत राहते, आणि इन्सुलिनला २ ते ८ अंश सेल्सियस टिकून लागते. आत कमाल-किमान थर्मामीटर ठेवा. रोज दोन्ही आकडे वहीत टिपा आणि लगेच रिसेट करा, नाहीतर जुनाच आकडा पुन्हा दिसत राहतो.

उन्हाची धास्ती सगळेच घेतात, गोठण्याकडे मात्र लक्ष जात नाही. बर्फाच्या कप्प्याला किंवा मागच्या भिंतीला टेकलेली इन्सुलिनची कुपी गोठू शकते. वितळल्यावर ती चांगली दिसली तरी टाकूनच द्यायची. वापरात घेतलेली कुपी किंवा पेन ऊन न लागणाऱ्या, फार गरम न होणाऱ्या खोलीत चालते. बहुतेक प्रकारांना मुदत सुमारे २८ दिवसांची. उघडल्याची तारीख कुपीवरच लिहा. खोक्यावर लिहिली तर खोक्यांची अदलाबदल होते. डोळ्यांच्या थेंबांनाही साधारण चार आठवडे, वेष्टनावर वेगळे लिहिले नसेल तर. सिरपांना बहुधा फ्रिज लागतच नाही. पाणी घालून तयार केलेल्या अँटिबायोटिकचे लेबल तेवढे पाहा.

प्रश्न : मॉर्फिनच्या गोळ्या आणि फेंटानिलचे त्वचेवर चिकटवायचे पॅच कसे सांभाळावेत? की सगळ्याच औषधांना कुलूप लावावे?

उत्तर : ही दोन्ही अफूच्या जातीची तीव्र वेदनाशामके आहेत; ती कुलूपबंद कपाटाच्या आतल्या दुसऱ्या कुलूपबंद कप्प्यात ठेवा. किल्ली टेबलाच्या खणात नको, पाळीवरच्या सिस्टरच्या अंगावर हवी. पाळी बदलताना दोघींनी मिळून मोजायचे. वहीतला आधीचा आकडा पाहून सही ठोकणे ही मोजणी नव्हे. गोळ्यांची पट्टी हातात घ्या, उलटी करा, मागचा कागद फाडून पुन्हा चिकटवलेला नाही ना ते बघा. वापरून झालेल्या फेंटानिलच्या पॅचमध्येही बरेच औषध उरते. चिकट बाजू आत घेऊन तो दुमडा आणि दुसऱ्या व्यक्तीसमक्ष नोंद करून विल्हेवाट लावा; उघड्या टोपलीत कधीच टाकू नका.

तातडीची औषधे मात्र कुलपात अडकवू नका. दम्याचा इनहेलर आणि जिभेखाली ठेवायच्या नायट्रोग्लिसरिनच्या गोळ्या क्षणात हाती आल्या पाहिजेत. या गोळ्या मूळ काचेच्या बाटलीतच, झाकण घट्ट लावून ठेवा. आठवड्याच्या प्लॅस्टिकच्या डबीत काढल्या की त्यातले औषध उडून जाते आणि छातीत दुखू लागल्यावर गोळी लागू पडत नाही.