दोन्ही महायुद्धांना एकटा जर्मनीच जबाबदार होता का? आणि १९१८ ला खरंच घरच्यांनीच घात केला म्हणून हरला का?

दुसऱ्याबद्दल वादच नाही, १ सप्टेंबर १९३९ ला पोलंडवर हल्ला हिटलरनेच केला (१७ तारखेला स्टालिननेही दुसऱ्या बाजूने लचका तोडला, पण ते नंतर).

पहिल्याचं जरा गुंतागुंतीचं आहे. ऑस्ट्रियाच्या युवराजावर गोळी साराजेवोत सुटली, सर्बियावर युद्ध पुकारलं ऑस्ट्रियाने, रशियानेही सैन्य जमवलं, पण ५ जुलै १९१४ ला कैसरने (जर्मनीच्या सम्राटाने) ऑस्ट्रियाला "तुम्ही व्हा पुढे, आम्ही आहोत" टाइप कोरा चेक दिला आणि नंतर तटस्थ बेल्जियममध्ये घुसून ब्रिटनलाही अंगावर ओढवून घेतलं. त्यामुळे एकटा नाही, पण माझ्या मते सगळ्यात मोठा वाटा त्याचाच.

आणि ते 'पाठीत खंजीर' वगैरे, म्हणजे घरच्यांनीच घात केल्याची गोष्ट, निव्वळ थाप आहे हो. सप्टेंबर १९१८ च्या शेवटी खुद्द जर्मनीचा जनरल लुडेनडॉर्फच म्हणाला की ताबडतोब युद्धबंदी मागा, आणि सही करायला पुढे कोणाला ढकललं तर एर्झबर्गर नावाच्या सिव्हिलियन पुढाऱ्याला, फ्रान्समध्ये जंगलात उभ्या रेल्वेच्या डब्यात. हरले सेनापती, नाव खराब झालं याचं, १९२१ ला खूनही झाला बिचाऱ्याचा. १९४० ला हिटलरने तोच डबा म्युझियममधून काढून त्याच जागी आणला आणि फ्रान्सला त्यातच सही करायला लावली!