डॉक्टर मॅडमना विचारा : पांढरा डाग दिसला, आता काय?

प्रश्न : मॅडम, मी खानापूरकडची, वय ३८, दोन पोरं. गेल्या महिन्यात आशाताईंनी कॅम्पला नेलं, तिथं सिस्टरनं खालून काहीतरी लावून बघितलं आणि कन्नडमधनं बोलली, मला एवढंच कळलं की पांढरं दिसूलालंय, बेळगावला जा. त्रास काहीच नाही. सासूबाई म्हणूलाल्यात पिशवीच काढून टाक, कटकट मिटंल. कॅन्सर असेल काय?

उत्तर : ताई, पांढरं दिसलेल्या बहुतेक बायकांना कॅन्सर नसतो, आधी ती भीती काढा. सिस्टरनं लावलं ते पातळ अॅसिटिक अॅसिड, ३ ते ५ टक्के, म्हणजे चायनीजच्या गाड्यावरचं व्हिनेगर जवळपास तेच. पिशवीच्या तोंडाला लावून मिनिटभर थांबलं की बदललेल्या पेशी पांढऱ्या दिसतात, पण नुसती सूज किंवा इन्फेक्शन असलं तरी दिसतात, म्हणून तर पुढं पाठवलंय.

बेळगावला कॉल्पोस्कोपी करतील. स्टँडवरची मोठी दुर्बीण असते ती, बाहेरच राहते, आत जात नाही. परत तेच व्हिनेगर लावून बघायचं आणि शंका आली तर तांदळाच्या कणीएवढा तुकडा काढायचा, चिमटा बसल्यासारखं होतं, दोन-चार दिवस थोडा डाग जातो, बास. हा तुकडा तपासणं म्हणजे बायोप्सी, आणि खरं काय ते तीच सांगते. रिपोर्टवर सीआयएन लिहिलेलं असलं तर तो कॅन्सरच्या आधीचा पेशींतला बदल, पुढचा आकडा म्हणजे त्याची पायरी. सीआयएन १ असलं तर बहुतेक वेळा आपोआप जातं, लक्ष ठेवायचं. २ किंवा ३ असलं तर तेवढाच भाग गोठवून किंवा तारेच्या लूपनं काढतात, पिशवी जाग्यावर राहते. एचपीव्ही विषाणूमुळं होणारा हा बदल कॅन्सरपर्यंत जायला बहुतेक करून १०-१५ वर्षं घेतो, त्यामुळं त्रास नसताना सापडलं हे तुमचं नशीबच म्हणायचं, पण म्हणून चिठ्ठी डब्यात ठेवून गणपती होऊ दे, सुगी होऊ दे असं करत बसू नका.

आता सासूबाईंचं. आपल्याकडं पिशवी काढणं म्हणजे दाढ काढल्यासारखं झालंय, मला याचा फार राग येतो. बायोप्सी न करता पिशवी काढली आणि आत खरंच कॅन्सर निघाला तर ते ऑपरेशन अपुरं पडतं, त्याचं ऑपरेशन वेगळं असतं, कधी नुसतं रेडिएशन लागतं. आणि नसला तर फुकट पोट फाडून घेतलं की. कुणी घाई केली तर सरळ विचारा, तुकड्याचा रिपोर्ट कुठाय?

पाळीच्या दिवसात जाऊ नका, आधी दोन दिवस संबंध नको, आत ठेवायच्या गोळ्या नकोत.

प्रश्न : आईची पाळी जाऊन सहा वर्षं झाली, आता मधेच रक्ताचा डाग दिसतोय. निपाणीत पुढचा कॅम्प आला की न्यावं म्हणतोय.

उत्तर : कॅम्पची वाट बघू नका हो. पाळी गेल्यावर व्हिनेगरची तपासणी तितकी भरवशाची राहत नाही, बघायचा भाग आत सरकलेला असतो, शिवाय डाग पिशवीच्या आतल्या अस्तराचाही असू शकतो. याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, सोनोग्राफी लागेल, आणि आई लाजून "उष्णतेनं झालंय" म्हणतील, ते ऐकू नका.