पक्ष्यांच्या छायाचित्रांवर खरा अभिप्राय कसा मिळवावा, आणि नवख्याला किती परखडपणे सांगावे?

आपली तक्रार अशी की, हौशी छायाचित्रकारांच्या गटात पक्ष्याचे छायाचित्र टाकले की 'अप्रतिम' आणि 'क्या बात है' यापलीकडे कोणी काही लिहीत नाही. माझे मत विचाराल तर 'अप्रतिम' निरुपद्रवी आहे. खरे नुकसान करतो तो अर्ध्या जाणकाराचा ठाम अभिप्राय, आणि त्याची झळ छायाचित्रकारापेक्षा पक्ष्याला अधिक बसते.

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील एका माळावर (नेमकी जागा मुद्दामच लिहीत नाही) मी एप्रिलमध्ये धाविकाचे छायाचित्र काढले होते. धाविक हा तितराहून लहान, तांबूस डोक्याचा, लांब फिकट पायांचा पक्षी. चार पावले तुरुतुरु धावतो, एकदम ताठ उभा राहतो, वाकून किडा टिपतो आणि पुन्हा धावू लागतो. गाडीतून उतरले की तो दूर जातो, म्हणून खिडकीच्या काचेवर वाटाणे भरलेली पिशवी ठेवून त्यावर लेन्स टेकवली होती. चौकटीत पक्षी लहानच होता. त्याच्या पुढे वाळलेले कुसळी गवत, मागे वृक्षारोपणासाठी नुकत्याच खणलेल्या खड्ड्यांची सरळ रांग आणि प्रत्येक खड्ड्याशेजारी मुरमाचा ढीग. मला नेमके हेच दाखवायचे होते. ज्या माळाची कागदोपत्री पडीक म्हणून नोंद होते आणि पावसाळ्यात झाडे लावून ज्याची 'सुधारणा' केली जाते, तो उघडा माळ हेच या पक्ष्याचे घर आहे, आणि तेथे झाडी वाढली की त्याला तेथून निघावे लागते.

गटातील एका ज्येष्ठ सदस्यांनी लिहिले : पक्षी फारच लहान आहे, खड्डे क्रॉप करा, शार्पनेस नाही म्हणजे लेन्स बदला, आणि पुढच्या वेळी रांगत जवळ जा. छायाचित्र किती वाजता काढले, एवढे जरी त्यांनी विचारले असते तरी लेन्सचा मुद्दा तेथेच निकाली निघाला असता. ऊन चढल्यावर माळाची जमीन तापते, जमिनीलगतची हवा थरथरू लागते आणि दुरून टिपलेली पिसे पाण्यातून पाहिल्यासारखी दिसतात. चारशे मिलिमीटरऐवजी सहाशे मिलिमीटरची, म्हणजे दूरचे आणखी मोठे दाखवणारी लेन्स लावली तर ती थरथर अधिक मोठी दिसते, इतकेच. उपाय एकच, सकाळी लवकर जाणे.

रांगत जवळ जाण्याचा सल्ला मात्र मला सहन झाला नाही. धाविक घरटे असे बांधतच नाही; उघड्या जमिनीवर, खड्यांमध्ये, ठिपक्यांची अंडी घालतो. उन्हाळ्यात पक्ष्याला तेथून उठवले की अंडी थेट उन्हात भाजतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील शिकारीच्या व्याख्येत पक्ष्यांच्या घरट्यांना किंवा अंड्यांना त्रास देणेही येते, हे मी तेथे लिहिले. उत्तर आले की, हा छायाचित्रणाचा गट आहे, येथे कायदा शिकवू नये, आणि माझा मजकूर काढून टाकण्यात आला. पुढे त्याच गृहस्थांनी चौकट भरून टाकणारे धाविकाचे छायाचित्र टाकले. त्यात पक्षी भर उन्हात पाय किंचित दुमडून, पोटाखालची पिसे फुलवून आणि पंख सैल सोडून एकाच जागी उभा होता. अंड्यांवर सावली धरणारा पक्षी असाच उभा राहतो. कौतुकाचा पाऊस पडला. पोटाखाली काय आहे, असे एकानेही विचारले नाही.

म्हणून माझे म्हणणे असे की, आपण कशाला दाद देतो यावर लोक पक्ष्याच्या किती जवळ जातात हे ठरते. भिगवणला उजनी धरणाच्या पाण्यावर रोहित पक्ष्यांचा उडता थवा हवा म्हणून नाव थेट थव्याच्या रोखाने घ्यायला सांगणारे महाभाग मी पाहिले आहेत. ती मागणी नावाड्याच्या डोक्यातून निघालेली नसते. तशाच छायाचित्रांना दाद मिळते, म्हणून ती येते.

आता आपल्या प्रश्नाकडे येतो. छायाचित्रासोबत वेळ, अंदाजे अंतर, आपण गाडीत होता की पायी, आणि काय दाखवायचे होते, हे दोन ओळींत लिहावे आणि एकच नेमका प्रश्न विचारावा. 'कसे वाटले' असे विचारले तर 'अप्रतिम' हेच उत्तर मिळणार. 'गडद पाण्यापुढे बगळ्याच्या पाठीवरची पिसे पांढरी फटक झाली आहेत का, एक्स्पोजर (कॅमेऱ्यात घेतलेला प्रकाश) आणखी उतरवायला हवे होते का' असे विचारले तर ज्याला कळते तोच उत्तर देईल. त्यातही कॅमेऱ्यावर बोलणाऱ्यांपेक्षा पक्षी पाहणाऱ्या दोघा-तिघांना खासगीत विचारलेले बरे.

जवळून काढलेल्या छायाचित्रांना माझा सरसकट विरोध आहे, असा अर्थ कृपया काढू नये. वटवट्या किंवा तुतारी यांसारखे, ज्यांच्या जाती एकमेकींसारख्या दिसतात असे पक्षी ओळखायचे तर पिसांचा आणि पायांचा तपशील स्पष्ट दिसावाच लागतो, आणि वर्दळीला सरावलेले पक्षी तशी संधी देतातही. डोळ्यावर फोकस नसलेले छायाचित्र 'अधिवासाचे' म्हणून खपवणारेही मला ठाऊक आहेत.

नवख्याला एका वेळी एकच चूक सांगावी, आणि ती सांगण्याआधी त्याचा हेतू विचारावा. क्षितिज कलले आहे, शेपूट चौकटीबाहेर गेली आहे, अशा गोष्टी खासगीत सौम्यपणे सांगता येतात. परंतु छायाचित्र घरट्यावरचे असेल, किंवा विणीच्या दिवसांत नवरंग पक्ष्याचा ध्वनिमुद्रित आवाज वाजवून त्याला उघड्यावर आणलेले असेल, तर समोरचा नवखा आहे की ज्येष्ठ, हे पाहू नये. तेथे सर्वांसमोर विचारावे, आणि मजकूर काढून टाकला तर पुन्हा लिहावे.