इंजिनाचा आकडा आणि नववीतला मुलगा

"मॅडम, रात्री एकपर्यंत लॅपटॉप. गेम खेळत नाही, बुद्धिबळाचा अभ्यासच करतो. पण काळ्या मोहऱ्यांनी खेळायचं असलं की डावाआधीच त्याचं पोट दुखतं. हे व्यसन म्हणायचं का?"

ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत बऱ्याचदा येतो. ही आई घोडबंदर रोडवरून आली होती, मुलगा नववीतला. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

मी त्याला म्हटलं, "तू काय बघतोस ते मला दाखव." त्याने किंग्ज इंडियन हे काळ्याचं ओपनिंग, म्हणजे डावाची ठरावीक सुरुवात, लावलं. पटाच्या कडेला इंजिनाची, म्हणजे चाली तपासणाऱ्या प्रोग्रॅमची, उभी पट्टी होती. कोण पुढे आहे ते ती दाखवते, आणि तिच्यातला पांढरा भाग वर सरकत होता. "बघा, माझी एकही चाल चुकलेली नाही. तरी मी मागे." त्याचे डोळे पटावर नव्हतेच, पट्टीवर होते.

मी टेबलावरचा कागद त्या पट्टीवर चिकटवला. "आता सांग, काळ्याला इथे काय करायचंय?"

बराच वेळ तो गप्प होता. मग त्याचं बोट पडद्यावर गेलं. "मधली प्यादी अडकलीत. म्हणजे मी राजाच्या बाजूने जायचं. हा घोडा आधी बाजूला घ्यायचा, त्याच्यामागे प्यादं अडकलंय. ते सुटलं की पुढे ढकलायचं." पुढची पाच मिनिटं तो बोलत होता. पोटदुखीचं नावही निघालं नाही.

त्याच्या प्रशिक्षकांशी मी फोनवर बोलले. त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मी आता प्रत्येक पालकाला सांगते. स्टॉकफिश या इंजिनात २०२२ च्या अखेरीपासून +१ या आकड्याचा अर्थ 'एक प्यादं जास्त' असा राहिलेला नाही. त्या स्थितीतून स्टॉकफिश स्वतःशीच खेळलं, तर पांढऱ्याची जिंकण्याची शक्यता निम्मी, असा तो हिशेब आहे. समोर बसलेला चौदा वर्षांचा प्रतिस्पर्धी त्या हिशेबात कुठेच नाही. शिवाय पांढरा पहिली चाल करतो, म्हणून सुरुवातीच्या पटावरही आकडा थोडा त्याच्याच बाजूने असतो. आणि हेच किंग्ज इंडियन काळ्याकडून फिशर आणि कास्पारोव्ह हे जगज्जेते जिंकण्यासाठी खेळले.

मुलाला हे कुणी सांगितलंच नव्हतं. तो त्या आकड्यात स्वतःची लायकी वाचत होता.

म्हणून व्यसन हा शब्द मी इथे वापरला नाही. झोप, शाळा, मित्र सगळंच सुटत गेलं असतं तर वेगळा विचार केला असता. इथे झोप बिघडली होती, म्हणून दहानंतर लॅपटॉप हॉलमध्ये. डाव झाला की आधी वही: कुठे अडलो, काय वाटलं, कोणती चाल सोडून दिली. इंजिन दुसऱ्या दिवशी. आईचं काम जास्त कठीण होतं. "जिंकलास का?" हा दारातला प्रश्न तिला थांबवायचा होता. पहिले दोन आठवडे तिला ते जमलं नाही, आणि तिने ते प्रामाणिकपणे सांगितलं.

तीन महिन्यांनी तो काळ्या मोहऱ्यांनी हरलेला एक डाव घेऊन आला. वहीत सतराव्या चालीपुढे लिहिलं होतं, 'इथे घाबरलो.' इंजिनाने ती चाल चांगली ठरवली होती. चूक निघाली तेविसाव्या चालीत, आणि तिथे वही कोरी होती.

"इथे मला काहीच कसं खटकलं नाही?" असं म्हणून तो माझ्यासमोरच पुन्हा पट मांडायला लागला.