व्हीरेफ नेमका कशाला बांधायचा?

प्रश्न : डीडीआर३ मेमरीच्या बोर्डवर डेटाच्या व्हीरेफसाठी (‘एक’ की ‘शून्य’ ते ओळखायच्या रेफरन्स व्होल्टेजसाठी) वेगळी पिन असायची. दोन सारखे रेझिस्टर आणि एखाददुसरा कपॅसिटर लावून आम्ही दीड व्होल्टचे पाऊण व्होल्ट करून द्यायचो. डीडीआर४ मध्ये ती पिनच नाही, रेफरन्स चिपच्या आत तयार होतो. मग आत बँडगॅप (कायम एकच व्होल्टेज देणारे सर्किट) बसवलेला असतो का? – बोर्ड डिझाइन करणारा एक वाचक

उत्तर : या कामाला नाही. बसवला असता तर पंचाईत झाली असती!

बँडगॅप सप्लाय आणि तापमान कितीही बदलले तरी जागचा हलत नाही, आणि रिसीव्हरला नेमके तेच नको असते. रिसीव्हरला ‘०.८५ व्होल्ट म्हणजे किती’ हे ठरवायचे नसून, आलेला सिग्नल त्याच्या स्वतःच्या उंच आणि खालच्या पातळीच्या मध्याच्या वर आहे की खाली, एवढेच सांगायचे असते. होडीत उभ्या माणसाची उंची मोजायची तर खुणेची काठी होडीतच रोवावी लागते, किनाऱ्यावर नाही.

आकडे घालून बघा. डीडीआर४ चा डेटा सप्लाय १.२ व्होल्ट, आणि टर्मिनेशन (तारेच्या टोकाचा रेझिस्टर) मध्यावर न जाता थेट त्याच सप्लायला. म्हणून ‘एक’ची पातळी पूर्ण १.२ व्होल्ट. ‘शून्य’ला मात्र ३४ ओहमचा ड्रायव्हर आणि समजा ४८ ओहमचे टर्मिनेशन यांच्यात वाटणी होते आणि पातळी ०.५ व्होल्टच्या आसपास थांबते. मध्य ०.८५, म्हणजे सप्लायच्या सुमारे ७१ टक्के. टर्मिनेशन ६० ओहम केले की हाच मध्य ६८ टक्क्यांवर येतो. बाहेरच्या दोन रेझिस्टरांचा ‘बरोबर निम्मा’ इथे कामाचा नाही तो यामुळे. आता सप्लायला १.१४ ते १.२६ एवढी मुभा आहे. सप्लाय १.२६ झाला की मध्य ०.८९ वर सरकतो. बँडगॅप ०.८५ ला ठाम उभा! चाळीसेक मिलिव्होल्टचा मार्जिन फुकट गेला.

म्हणून आत रेझिस्टरची साधी शिडी असते, सप्लाय आणि ग्राउंडच्या मध्ये. पॉलिसिलिकॉनच्या रेझिस्टरची किंमत प्रोसेसमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे झाली तरी बिघडत नाही. सगळे एकाच दिशेने चुकतात आणि गुणोत्तर टिकते. शिडीच्या कोणत्या पायरीवरून व्होल्टेज घ्यायचा ते मोड रजिस्टर ६ (चिपमधली सेटिंग साठवायची जागा) सांगतो. पहिली रेंज ६० ते ९२.५ टक्के, दुसरी ४५ ते ७७.५, पायरी ०.६५ टक्क्याची, म्हणजे ७.८ मिलिव्होल्ट. वरच्या उदाहरणात पहिल्या रेंजचा कोड १६ घातला की ७०.४ टक्के मिळतात. कंट्रोलर ट्रेनिंगमध्ये (योग्य सेटिंग शोधायच्या चाचणीत) या पायऱ्या चढून-उतरून बघतो आणि जिथे सिग्नलचा डोळा, म्हणजे बिट बिनचूक वाचता येण्याची जागा, सर्वांत रुंद उघडतो तिथे थांबतो.

माझ्या मते खरी कसोटी शिडीत नाही, तिच्या पुढच्या कपॅसिटरमध्ये आहे, आणि नवे लोक इथेच घाई करतात. शिडी एकूण ५० किलोओहमची धरा. करंट फक्त २४ मायक्रोअँपिअर, पण ७० टक्क्यांच्या पायरीवरून दिसणारा रेझिस्टन्स साडेदहा किलोओहम. पुढे ५ पिकोफॅरड असले तर टाइम कॉन्स्टंट ५० नॅनोसेकंदांवर. ३२०० च्या वेगाला (तारेवर सेकंदाला ३२० कोटी बिट) एक बिट ३१२.५ पिकोसेकंदांचा! रिसीव्हरचा लॅच (बिट पकडून ठेवणारे सर्किट) दर बिटाला खटकन उडतो आणि व्हीरेफच्या तारेवर थोडा चार्ज ढकलतो. हा किकबॅक आठ रिसीव्हरांचा मिळून १६ फेम्टोकुलंब धरला तर ३ मिलिव्होल्टचा धक्का, आणि तो निस्तरायला शिडी वेळेत पोचतच नाही. त्या क्षणी तुमचा रेफरन्स म्हणजे तो कपॅसिटर. मग तो कशाला बांधायचा? सवयीने सगळे ग्राउंडला बांधतात. पण मध्य ७१ टक्के सप्लायबरोबर आणि २९ टक्के ग्राउंडबरोबर हलतो, म्हणून कपॅसिटरही त्याच प्रमाणात दोन्हीकडे वाटावा. सप्लायला फटका बसला की सिग्नल आणि व्हीरेफ दोघे मिळून हलतात, आणि रिसीव्हरच्या अँप्लिफायरला त्यातले काही कळत नाही.

प्रश्न : एकदा ट्रेनिंग झाल्यावर चिप तापली तर ठरलेला कोड चुकत नाही का? – विद्यार्थिनी, व्हीएलएसआय

उत्तर : शिडीचे गुणोत्तर जवळजवळ हलत नाही. हलतो तो ड्रायव्हरचा आणि टर्मिनेशनचा रेझिस्टन्स, आणि रिसीव्हरचा ऑफसेट (तुलना करताना होणारी त्याची स्वतःची चूक). पहिल्या दोघांना २४० ओहमच्या अचूक रेझिस्टरशी ताडून झेडक्यू कॅलिब्रेशन ताळ्यावर ठेवते. ऑफसेटला मात्र तसा बाहेरचा मापदंड नाही. तो बराच सरकत असेल तर ट्रेनिंग पुन्हा चालवणे आलेच. ऑफसेट प्रत्येक चिपचा निराळा असतो, त्यामुळे एकाच मॉड्यूलवरच्या चिपांना वेगवेगळा कोड देण्याची सोयही डीडीआर४ मध्ये आहे.

प्रश्न : डिफरन्शियल जोडी (एकच सिग्नल सुलट आणि उलट अशा दोन तारांवर) घेतली तर व्हीरेफची कटकटच मिटेल. मग का घेत नाहीत? – एक वाचक

उत्तर : स्ट्रोबला (डेटा कोणत्या क्षणी वाचायचा ते सांगणाऱ्या सिग्नलला) घेतातच. डेटाला घेतली तर ६४ तारांच्या १२८ होतील. त्या पॅकेजमधून आणि बोर्डवरून काढायच्या कुठून, तेवढे सांगा.