बातम्या कळतात, पण थिअरी डोक्यावरून जाते

आंतरराष्ट्रीय संबंधांचा पहिला पेपर सुरू झाला, की अंतर्गत परीक्षेनंतर माझ्याकडे एक ठरलेली तक्रार येते. ‘मॅडम, रोज पेपर वाचतो, जगात काय चाललंय ते कळतं, पण वर्गातलं काही कळत नाही. विषय बदलू का?’

निफाडकडून पुण्यात शिकायला आलेला एक मुलगा हेच विचारत आला. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणारा, दिवसभर अभ्यासिकेत बसणारा. वास्तववादावरच्या (राष्ट्रं ताकदीच्या हिशेबाने वागतात, असं मानणारा सिद्धांत) उत्तराला अगदीच कमी गुण मिळाल्याने खचला होता. मी उत्तरपत्रिका आणायला सांगितली. त्याने युक्रेन युद्धाच्या घडामोडी तारखांसकट लिहिल्या होत्या, जवळजवळ सगळ्या बरोबर. शेवटी शिक्षकांनी लाल शाईत लिहिलं होतं, ‘म्हणून काय?’ त्याला तो अपमान वाटला होता. मला वाटतं, त्याची सगळी अडचण त्या दोन शब्दांत होती.

घरची चौकशी केली तेव्हा तो मोकळा झाला. वडिलांची द्राक्षं युरोपला जातात. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनमधल्या हूथी बंडखोरांनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले, बरीच जहाजं सुएझ कालवा सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागली, भाडं वाढलं, माल उशिरा पोचू लागला. हे सांगताना त्याला शब्द शोधावे लागत नव्हते. म्हटलं, मग सुएझच घेऊ, पण १९५६ चं.

आधी नुसता घटनाक्रम लिहायला लावला. जुलैमध्ये इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी सुएझ कालवा कंपनीचं राष्ट्रीयीकरण केलं. ऑक्टोबरअखेर इस्रायलने आणि पाठोपाठ ब्रिटन-फ्रान्सने हल्ला केला. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत ब्रिटन-फ्रान्सनेच नकाराधिकार वापरला, म्हणून प्रश्न महासभेत गेला. डिसेंबरअखेर ब्रिटन-फ्रान्सचं सैन्य परत फिरलं.

मग विचारलं, ‘ब्रिटन मागे का हटलं?’

‘अमेरिकेने दाबलं. पाउंड घसरत होता आणि अमेरिका मदत करायला तयार नव्हती.’

हे वास्तववादी उत्तर झालं: कोणाकडे किती ताकद आहे ते बघा. आता उदारमतवादी काय म्हणेल? महासभेने युद्धबंदीचा ठराव केला, संयुक्त राष्ट्रांचं पहिलं सशस्त्र शांतिदल तिथे उभं राहिलं, म्हणजे संस्थांनाही वजन असतं. तो थोडा वेळ कागदाकडे बघत राहिला आणि म्हणाला, ‘पण मॅडम, आधी तर ब्रिटनने अख्खा इजिप्तच घेतला होता ना? तेव्हा कसं चाललं?’ १८८२ साली चाललं. १९५५ ला इंडोनेशियातल्या बांडुंगमध्ये आशिया-आफ्रिकेतले देश एकत्र बसले, त्यानंतर दीड वर्षात तेच वागणं जगाला खपेनासं झालं होतं. योग्य-अयोग्याच्या कल्पना बदलल्या की राष्ट्रांचं वागणंही बदलतं, असं रचनावादी म्हणतात. त्या प्रश्नापर्यंत तो स्वतःच पोचला होता.

सिद्धांत म्हणजे एकाच घटनेला विचारलेले वेगवेगळे प्रश्न, आणि त्यांची उत्तरं एकमेकांशी भांडतात. हे पहिल्या वर्षी मुलांना कोणी सांगतच नाही. व्याख्या पाठ करायला लावतात आणि दुसरीकडे मोबाइलवर आरडाओरडा करणारे भूराजकारणाचे व्हिडिओ असतात. त्या व्हिडिओंचा मला खरंच राग येतो. रोज नवी बातमी, आणि कालच्या बातमीचं कारण शोधायची सवयच लागत नाही.

म्हणून त्याला एवढंच सांगितलं: आठवड्याला एकच घटना घे, तिन्ही बाजूंनी अर्धं-अर्धं पान लिही आणि तुला कोणतं उत्तर पटलं, का पटलं, ते शेवटी लिही. इंग्रजीची धास्ती होती, तर आधी मराठीत लिही म्हटलं. त्याच्या कॉलेजात या विषयाचा पेपर मराठीतही देता येतो. संज्ञा तेवढ्या दोन्ही भाषांत पाठ हव्यात.

त्याच्या मामांचा प्रश्न उरला होता: ‘हे शिकून काय होणार?’ परराष्ट्र सेवेत यूपीएससीतून जाता येतं आणि त्यासाठी कोणत्याही शाखेची पदवी चालते, म्हणून केवळ तेवढ्यासाठी हा विषय घेऊ नये. भाषा मात्र जोडीला हवी. फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचे परकीय भाषांचे वर्ग आहेत, तिथे जाऊन चौकशी कर म्हटलं.

विषय त्याने बदलला नाही. पुढच्या चाचणीत गुण मध्यमच आले, लिहायचा वेग अजून कमी पडतो. पण या वेळी समासातला लाल शेरा वेगळा होता: ‘उदारमतवादी बाजू आणखी वाढव.’