यादी नको, एक पान पाठव

चि. भाचीबाईंस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा मेसेज पोचला, रुसवाही पोचला. आवडत्या वेबकॉमिक्सची, म्हणजे इंटरनेटवर येणाऱ्या चित्रकथांची, भलीमोठी यादी केलीस, प्रत्येक नावापुढे दोन ओळी खरडल्यास, कॉलेजच्या ग्रुपवर टाकलीस आणि आठवडा झाला तरी चार अंगठ्यांपलीकडे काही आलं नाही. खरं सांगू? मीही अंगठाच दिला असता. यादी वाचून कुणी हसल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही. हसू येतं ते एखाद्या चित्राला, आणि ते चित्र कुणी आपली आठवण ठेवून पाठवलेलं असेल तर जरा जास्तच.

तेव्हा यादी तुझ्यापाशी राहू दे. एका माणसाला एक पान पाठवायचं. ते कसं निवडायचं, एवढंच आज लिहायला बसलोय. बाकीचं ओघात येईल.

एक्सकेसीडी हे वेबकॉमिक घे. ते काढणारा रँडल मन्रो आधी नासाच्या लँगली केंद्रात रोबॉटवर काम करायचा. २००५पासून तो आठवड्यातून तीनदा, सोमवार-बुधवार-शुक्रवार, काडीच्या माणसांची कॉमिक्स टाकतोय. तीन हजारांच्या वर झालीत. गोष्ट सहसा एका कॉमिकमध्येच संपते, त्यामुळे सुरुवात कुठून करायची ही अडचण नाही; कुणाला कुठलं, एवढंच बघायचं. डेटाबेसवर काम करणाऱ्या तुझ्या त्या मैत्रिणीला ३२७ क्रमांकाचं पाठव. शाळेतून आईला फोन येतो: आमच्या कॉम्प्युटरचा घोळ झालाय, तुमच्या मुलाचं नाव खरंच असं ठेवलंय का? बाईंनी पोराच्या नावातच विद्यार्थ्यांची सगळी नोंद पुसून टाकणारी आज्ञा घालून ठेवलेली असते. ज्याने कधी एकदा तरी रात्री जागून डेटा परत मिळवलाय तो माणूस हे बघून खुर्चीतच मागे रेलतो. तेच तू तुझ्या आईला पाठवलंस तर ती विचारेल, ‘मग त्या पोराची ॲडमिशन रद्द झाली का?’ आणि तिच्या बाजूने तो प्रश्न अगदी रास्त आहे.

तिला पाठवायचं झालं तर १०५३ क्रमांकाचं पाठव. त्यात मन्रोने साधा हिशोब मांडलाय. अमेरिकेत २०१२च्या सुमारास वर्षाला साधारण चाळीस लाख मुलं जन्मत. ‘सगळ्यांनाच माहीत असतं’ अशी एखादी गोष्ट माणसाला तिशीपर्यंत कधीतरी कळते असं धरलं, तर ती आयुष्यात पहिल्यांदा ऐकणारी माणसं एकट्या अमेरिकेत रोज दहा हजारांच्या आसपास निघतात. मग ‘अय्या, तुला एवढंही माहीत नाही?’ म्हणून कुणाला खजील करायचं, की आज त्या दहा हजारांतला एक आपल्या समोर बसलाय म्हणून खूश व्हायचं? इतरांना काही सुचवायची हौस असणाऱ्या प्रत्येकाने हे पान एकदा स्वतः वाचावं. तुझ्या यादीतल्या ‘हे वाचलं नसेल तर काय वाचलं’ या ओळीकडे मी मुद्दाम बोट दाखवत नाही. पण दिसली मला ती.

आणि स्क्रीनशॉट पाठवू नकोस, लिंक पाठव. एक्सकेसीडीच्या चित्रावर माऊस नेऊन क्षणभर थांबलं की आणखी एक ओळ उमटते. कित्येकदा खरा टोला त्या ओळीतच असतो. स्क्रीनशॉटमध्ये ती जाते. चित्रकाराचं नावही पुष्कळदा कापलं जातं, आणि पुढचं पान उघडायची वाटही बंद होते. लिंकसोबत एवढंच लिही, ‘चित्रावर माऊस ने.’ फोनवर बघणार असेल तर मोबाइलसाठीचं वेगळं पान आहे, तिथे ती ओळ बोटाने उघडता येते.

आता जरा अवघड प्रकरण. रायन नॉर्थ नावाचा कॅनेडियन लेखक २००३पासून डायनोसॉर कॉमिक्स लिहितोय. चित्रं सहा, आणि पहिल्या दिवसापासून तीच सहा. तोच टी-रेक्स, तेच छोटं घर त्याच्या पायाखाली येतंय, मग तीच छोटीशी बाई येतेय, तोच यूटारॅप्टर नावाचा दुसरा डायनोसॉर त्याला हटकतोय. बदलतात फक्त शब्द. जात्यावरच्या ओवीची चाल ठरलेली असते आणि बाई रोज तिच्यात नवे शब्द घालते, तसा हा उद्योग. एकच पान पाहिलं तर माणूस म्हणतो, ‘बरं, मग?’ तिसऱ्या-चौथ्या पानाला त्याच्या लक्षात येतं की डोळे चित्रावरून घसरताहेत आणि कान शब्दांकडे लागलेत. म्हणून एक पान पाठवायचा माझा नियम इथे मोडायचा. एकदम तीन पाठव, नाहीतर पाठवूच नकोस.

लांब गोष्टींची तऱ्हा वेगळी. तिथे मधलं पान पाठवून भागत नाही, आणि पहिलं पान बहुधा चित्रकाराचं सगळ्यात कच्चं पान असतं. माणूस शिकत शिकत काढत जातो, आणि ते शिकणं आर्काइव्हमध्ये, म्हणजे जुन्या पानांच्या साठ्यात, सगळ्यांसमोर उघडं पडलेलं राहतं. टॉम सिडेलचं गनरक्रिग कोर्ट २००५मध्ये सुरू झालं. त्यातली ॲन्टिमनी ही शाळकरी मुलगी. तिला एक दिवस आढळतं की आपल्याला दुसरी एक सावली चिकटलीय. त्या सावलीला पुलापलीकडच्या रानात परत जायचंय, तर मुलगी तिच्यासाठी चक्क एक रोबॉट जोडते. पहिल्या प्रकरणातली डोकी मोठाली, हातपाय बेताचे. पुढे हाच माणूस असा हात चालवतो की मागे वळून पाहिलं तर दोन वेगळे चित्रकार वाटावेत. सुचवताना हे आधीच सांगून टाक: ‘चित्रं सुरुवातीला ओबडधोबड आहेत, सावलीचं काय होतं तेवढं बघ, नाही आवडलं तर सोड.’ एवढी सूट दिली की माणूस बिनधास्त वाचतो. ‘शंभर पानांनंतर खरी मजा आहे’ असं मात्र कुणाला सांगू नकोस. शंभर पानं ही कुणाची तरी अख्खी संध्याकाळ असते.

तू लिहिलंयस की एका बैठकीत अख्खं आर्काइव्ह फस्त करतेस. कर, सुट्ट्यांत मीही करतो. पण त्यात एक गोष्ट हातची जाते, ती सांगतो.

२०१३च्या मार्चमध्ये मन्रोने ‘टाइम’ नावाचं एक चित्र टाकलं. समुद्रकाठी दोन काडीची माणसं बसलीयेत, बस्स. संवाद नाही, विनोद नाही. माऊस नेला तर वाट बघा अशा अर्थाचे दोन-तीन शब्द. अर्ध्या तासाने कुणीतरी पान पुन्हा उघडलं तर चित्र किंचित बदललेलं. आणखी अर्ध्या तासाने आणखी. ती दोघं वाळूचा किल्ला करत होती. पुढे पुढे तासाला एक चित्र, असं हे जुलै संपत येईपर्यंत चाललं. चार महिने, तीन हजारांवर चित्रं. किल्ला वाढतो, पाणी चढायला लागतं, समुद्र असा का वागतोय हे शोधायला दोघं चालू लागतात. मधे रात्र होते, आकाशात तारे येतात. हे बघणाऱ्यांतल्या काहींनी त्या ताऱ्यांच्या जागा मोजून ताडलं की ही गोष्ट आजपासून सुमारे अकरा हजार वर्षांनंतरची आहे. ते बरोबर होतं. मन्रोने आकाश खरंच तेवढं पुढे सरकवून काढलं होतं. समुद्र भूमध्य, पूर्वी कधीतरी आटलेला आणि आता पुन्हा भरत आलेला. पुढच्या वर्षी याला विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला.

आज तू ते सगळं सिनेमासारखं काही मिनिटांत पाहू शकतेस. पाहा, छानच आहे. पण ताऱ्यांचा हिशोब करायला तुला सवड मिळणार नाही, कारण पुढचं चित्र लगेच येणार. ज्यांच्याकडे एका चित्रासाठी अख्खा तास होता त्यांनी तो तास चित्रात खर्च केला. म्हणून म्हणतो, वाचून संपवायची कॉमिक्स असतात ती असोत. दोन-तीन तरी अशी ठेव की ज्यांच्यामागे तू त्यांच्या चालीने चालशील. आमच्याकडे १९९१मध्ये ‘सकाळ’मध्ये चिंटू सुरू झाला तेव्हा घराघरांत पेपर आला की आधी तो. रोज एवढासाच, म्हणून दिवसभर पुरायचा.

सोय म्हणशील तर आरएसएस फीड लावून घे. बऱ्याच जुन्या वेबकॉमिक्सना ती असते, नवं पान आलं की तेवढं कळतं, आणि तुला काय दाखवायचं हे कुठल्या ॲपने ठरवायची गरज उरत नाही. माझ्या मते वाचकाने स्वतःसाठी करावी अशी ही सगळ्यात स्वस्त गोष्ट आहे.

बराच काळ मागे चालत राहिलं की आपण कॉमिकच्या मागे आहोत की माणसाच्या, हे कळेनासं होतं. केट बीटनचं उदाहरण बघ. कॅनडातल्या केप ब्रेटन बेटावरची मुलगी, इतिहास शिकलेली. शिक्षणाचं कर्ज फेडायला ती अल्बर्टातल्या तेलवाळूच्या खाणींवर कामाला गेली आणि त्याच काळात, २००७मध्ये, तिने हार्क! अ व्हेग्रंट हे वेबकॉमिक सुरू केलं. नेपोलियन, ब्राँटे भगिनी, कुणालाही सोडलं नाही. तुझी इतिहासवाली मैत्रीण आहे ना, तिच्यासाठी ही. पण ऐक, २०१४मध्ये बीटनने खाणीतल्या दिवसांची काही साधी रेखाटनं टाकली. विनोद फारसा नाही, थंडी, एकटेपणा, पुरुषांची वस्ती, आणि खाणीच्या सांडपाण्याच्या तलावात उतरून मेलेली बदकं. २०२२मध्ये त्याचंच डक्स हे जाडजूड पुस्तक झालं आणि त्याची जगभर वाखाणणी झाली. विनोदासाठी येणाऱ्या वाचकांना ते आठ वर्षं आधी दिसलेलं होतं. हार्क आता बंद आहे, पण आर्काइव्ह आहे. बंद पडलेलं सुचवायला काहीच हरकत नाही. उलट घाईत असणाऱ्या माणसाला ‘संपलेलं आहे’ हे ऐकून बरं वाटतं.

आपल्या जवळचं विचारशील तर रोहन चक्रवर्तीचं ग्रीन ह्यूमर. हा नागपूरचा, शिक्षणाने दंतवैद्य. नागझिऱ्यात पाणवठ्यावर अंघोळ करणारी वाघीण पाहिली आणि याची वाट बदलली. २०१०पासून तो जंगली प्राण्यांची, पक्ष्यांची, बेडकांची कॉमिक्स काढतोय. त्यात प्राणी माणसांना बोलून घेतात, पण चोच, पिसं, पायाची ठेवण अचूक असते. पक्षी बघणाऱ्याला ओळख पटली नाही असं सहसा होत नाही. तुझी नंदामावशी दर रविवारी दुर्बीण घेऊन तळ्यावर जाते. तिला वाघांचं पाठवू नकोस, वाघ सगळेच पाठवतात. एखादा पाणपक्षी शोध.

धाकट्याला, जो फोन उभा धरूनच जगतो, त्याला कोरियन वळणाचं काहीतरी दे. नेव्हर कंपनीने २००४मध्ये वेबटून सुरू केलं, त्यातून बोटाने खाली सरकवत वाचायची ही पद्धत रुजली. दोन चित्रांमधली मोकळी जागा लांबवली की तेवढाच वेळ जातो. भुताच्या गोष्टीत ही युक्ती भारी चालते. तुझ्या यादीत न्यूझीलंडच्या रेचल स्माइथचं लोर ऑलिंपस होतं. रंग सुरेखच आहेत. पण त्यात सुरुवातीलाच नायिकेवर लैंगिक अत्याचाराचा प्रसंग येतो, आणि तू ‘गोड प्रेमकथा’ एवढंच लिहिलंस. हे सांगून पाठवायचं. वाचायचं की नाही ते वाचणारी ठरवेल, पण बेसावध गाठू नये कुणाला.

पैशांचं म्हणालीस, की फुकट वाचतो याचं वाईट वाटतं. रिच बर्लूचं ऑर्डर ऑफ द स्टिक हे वेबकॉमिक फुकटच आहे, २००३पासून. त्याला जुनं पुस्तक पुन्हा छापायचं होतं, तेव्हा २०१२मध्ये किकस्टार्टर या लोकांकडून पैसे उभे करायच्या वेबसाइटवर त्याने ५७,७५० डॉलर मागितले. वाचकांनी साडेबारा लाखांच्या वर दिले. त्याच वर्षी त्याच्या अंगठ्याला मोठी जखम झाली, काम थांबलं. वाचक थांबले. आजही त्याची पानं सावकाश येतात आणि वाचक तसेच आहेत. तुझ्याकडे डॉलर नसतील तर नसू देत. पान उशिरा आलं म्हणून त्या माणसाला टोचून लिहू नकोस, आणि तुझ्यामुळे त्याला एखादा पक्का वाचक मिळाला तर ते त्याला चालेल.

पाठवलंस की विचारत बसू नकोस. ‘वाचलंस का?’ हा प्रश्न दोनदा विचारला की कॉमिकचा गृहपाठ होतो. काही जणी वाचणार नाहीत. एखादी सहा महिन्यांनी अचानक तुलाच त्यातलं पान पाठवेल, आणि वर विचारेल, ‘हे बघितलंयस का गं?’ तेव्हा ‘मीच तर दिलं होतं’ म्हणायचा मोह आवर. तिला दहा हजारांतली एक होऊ दे.

तुझा,
मामा

ता. क. आजीलाही पक्ष्यांचंच दे. मात्र तिच्यासाठी लिंक नको, मोठ्या कागदावर रंगीत प्रिंट काढून ने. फोनवर तिला चोच दिसत नाही. आणि तो पक्षी परसातला भारद्वाज नाही हे तिला पटवायला तासभर हाताशी ठेव.